आद्याक्षरांचे भाऊबंद

आडनांव एक असलें म्हणून माणसें एकमेकांचीं भाऊबंद ठरत नाहींत. गांवोगांव पाटील आहेत, देशमुख आहेत, कुलकर्णी आहेत. परंतु एका गांवच्या पाटलाचा दुसऱ्या गांवच्या पाटलाशीं सुतकाचा संबंध असेलच असें नाहीं. शब्दांचीही तीच स्थिति आहे. 'पावती', 'पावशेर' आणि 'पावसाळा' हे तीन शब्द कोशांत मांडीला मांडी लावून बसलेले दिसतात. तिघांचीं पहिलीं अक्षरें एकच. पण त्यांतील एकही दुसऱ्याचा नातलग नाहीं. उलट 'पावशेर' आणि 'पाय' हे दोन शब्द वेगळ्या ओळींत बसतात, आणि त्यांचें घर मात्र एक आहे.

शब्दांचीं अशीं खरीं व खोटीं नातीं ओळखण्याचा एक खेळ ह्या लेखांत सांगण्याचें आम्ही योजिलें आहे. खेळास पैसा लागत नाहीं, मैदान लागत नाहीं. खडू, फळा आणि एक कोश एवढें साहित्य पुरे. केदारखेड्यासारख्या गांवांत, शेताच्या बांधावर, शाळेच्या व्हरांड्यांत किंवा रात्रीं जेवणें झाल्यावर घरांतील वडील माणसांसह तो खेळतां येतो. खेळ करमणुकीचा आहे खरा. परंतु त्यांतून जी संवय लागते तिची किंमत मोठी आहे, आणि ती कां, हें पुढें दिसेलच.

खेळाचे नियम

भेंड्यांचा खेळ सर्वांस ठाऊक आहे. त्यांत शेवटचें अक्षर धरून पुढें जावयाचें असतें. आमच्या खेळांत आरंभींचीं अक्षरें धरावयाचीं. वर्गाचे दोन पक्ष करावे. पंचानें फळ्यावर एक किंवा दोन अक्षरें लिहावीं. उदाहरणार्थ, 'पाव', 'खर', 'के', 'बे'. प्रत्येक पक्षानें पांच मिनिटांत त्या अक्षरांनीं आरंभ होणारे जितके आठवतील तितके शब्द लिहावे. प्रत्येक शब्दास एक गुण. येथवर हा खेळ स्मरणशक्तीचा आहे.

खरी गंमत पुढें आहे. आतां प्रत्येक पक्षानें आपल्या शब्दांच्या तीन पंगती लावावयाच्या. पहिली पंगत सख्ख्यांची. म्हणजे एकाच मूळ शब्दापासून निघालेल्या शब्दांची. दुसरी दूरच्या नातलगांची. म्हणजे जे वेगवेगळ्या भाषांतून आले, पण ज्यांचा पूर्वज एक आहे, अशांची. तिसरी केवळ शेजाऱ्यांची. ज्यांचें अक्षर जुळतें, पण रक्त जुळत नाहीं. बरोबर लावलेल्या प्रत्येक नात्यास दोन गुण. आणि जें नातें कोश पाहून खोटें ठरेल त्याबद्दल दोन गुण वजा. ह्या शेवटच्या नियमामुळें मुलें उगाच बोलत नाहींत. "मला वाटतें" असें म्हणून जो शब्द पुढें करतो, त्यास "कशावरून?" असें विचारण्याचा हक्क दुसऱ्या पक्षास असतो.

पावशेर पाव

प्रथम 'पाव' हीं अक्षरें घेऊं. ह्यांवर आम्ही एक वाक्य रचलें आहे:

पावसाळ्यांत पावन तीर्थाहून आलेल्या पाव्हण्यानें पावशेर पाव घेतला व पावती मागितली.

ह्या एका वाक्यांत 'पाव'नें आरंभ होणारे सहा शब्द आहेत, आणि आश्चर्य असें कीं त्या सहांचीं घरें सहा आहेत. 'पावसाळा' आला पावसापासून, आणि 'पाऊस' हा संस्कृत 'प्रावृष्' ह्या शब्दाचा वंशज आहे. 'पावन' हा शुद्ध करणें ह्या अर्थाच्या 'पू' धातूपासून झाला. 'पवित्र' हा त्याचा सख्खा भाऊ. 'पाव्हणा', ज्यास पुस्तकांत 'पाहुणा' म्हणतात, तो 'प्राघुण' ह्या जुन्या शब्दापासून निघाला. 'पावती' ही 'पावणें' म्हणजे पोंचणें, मिळणें ह्या क्रियापदाची मुलगी, आणि तें क्रियापद 'प्राप्' ह्या संस्कृत धातूचें. म्हणजे 'पावती' आणि 'प्राप्ति' ह्या एकाच घरच्या. खाण्याचा 'पाव' तर समुद्रावरून आला. पोर्तुगीजांनीं १५१० मध्यें गोवें घेतलें, त्यांच्या भट्ट्यांबरोबर त्यांचा 'पांव' हा भाकरीवाचक शब्दही आला, आणि पुढें तो इतका आपला झाला कीं त्याचें परकेपण कोणाच्या ध्यानींही येत नाहीं.

राहिला 'पावशेर' ह्यांतील 'पाव'. हा चौथा हिस्सा दाखवितो, आणि त्याचें मूळ संस्कृत 'पाद' म्हणजे पाय हें आहे. चार पायांच्या जनावराचा एक पाय म्हणजे चौथा भाग, ही कल्पना फार जुनी आहे. म्हणूनच श्लोकाच्या चौथ्या भागासही पाद किंवा चरण म्हणतात. 'पाऊण' हा शब्दही ह्याच घरचा. पाद अधिक ऊन, म्हणजे एक चतुर्थांशानें कमी. तेव्हां पाऊणशें म्हणजे शंभरांत एक पाय कमी, म्हणजे पंचाहत्तर. कोष्टकें पाठ करितांना पावकी व पाउणकी ज्यांस रुक्ष वाटतात, त्यांनीं हें चित्र डोळ्यांपुढें आणावें.

'पाय' किती दूर चालला

'पाद' ह्याचाच दुसरा वंशज आपला 'पाय'. 'पायवाट', 'पायरी', 'पायघडी', 'पायगुण', 'पायदळ' हे त्याचे सख्खे. त्यांविषयीं शंका नाहीं. 'पायस' म्हणजे खीर, हा मात्र केवळ शेजारी होय. तो 'पयस्' म्हणजे दूध ह्या शब्दापासून झाला आहे, आणि खिरींत पाय शोधूं नये हें शहाण्यास सांगणें नको.

आतां 'पायजमा' आणि 'पायमल्ली' हे शब्द घ्या. हे फारशींतून आले. तेव्हां मुलें त्यांस शेजाऱ्यांच्या पंगतींत बसवितात. परंतु फारशींतही पायास 'पाय'च म्हणतात. पायजमा म्हणजे पायाचा जामा, पायाचें वस्त्र. पायमल्ली म्हणजे पायाखालीं तुडविणें. संस्कृत आणि फारशी ह्या भाषा एकाच प्राचीन कुळांतील असल्यामुळें हे 'पाय' दूरचे भाऊ ठरतात. ते फार पूर्वीं वेगळे झाले आणि मराठींत पुन्हा एका छपराखालीं आले.

ह्याहूनही दूरचा एक नातलग आमच्या मुलांच्या रोजच्या पायाखालीं आहे. सायकलीच्या पॅडलला खेड्यांतील माणसें 'पायडल' म्हणतात. शिकलेलीं मुलें त्यास हंसतात. परंतु इंग्रजी 'पॅडल' हा लॅटिन भाषेंतील पायवाचक शब्दापासून आला आहे, आणि तो लॅटिन शब्द आपल्या 'पाद'चाच दूरचा भाऊ आहे. खेडुतानें 'पायडल' म्हटलें तें न कळत बरोबर म्हटलें. म्हणून ज्यास आपण अशुद्ध म्हणून हंसतों त्याचें मूळ आधीं पाहावें. मग हंसण्याजोगें कांहीं उरलें तर हंसावें.

गांवाच्या नांवांतील अक्षरें

आतां घरचीं अक्षरें घेऊं. केदारखेडा ह्या नांवाचे दोन भाग उघड आहेत. 'केदार' ह्या संस्कृत शब्दाचे दोन अर्थ कोशांत मिळतात. पाणी बांधलेलें शेत, आणि शंकराचें एक नांव. हिंदींत वाफ्यास 'क्यारी' म्हणतात तो शब्द ह्याच केदाराच्या घरचा. 'खेडा' हा संस्कृत 'खेट' किंवा 'खेटक' ह्यापासून झाला, आणि 'खेडूत' व 'खेडवळ' हे त्याचे सख्खे.

'के' ह्या अक्षरानें केळ, केवडा, केतकी, केस, केशर, केसरी, केर, केरसुणी, केरळ इतके शब्द तरी सहज आठवतात. त्यांच्या पंगती अशा लागतात. 'केवडा' आणि 'केतकी' हीं एकाच घरचीं आहेत. संस्कृत 'केतक' हा शब्द प्राकृतांतून झिजत आला आणि त्याचा केवडा झाला. 'केर' आणि 'केरसुणी' हीं सख्खीं, हें प्रत्येक घरांत रोज सकाळीं सिद्ध होतें. 'केस', 'केसर' आणि 'केसरी' ह्यांचें नातें मुलांस लवकर सुचत नाहीं. केसर म्हणजे केसांसारखा तंतु. फुलांतील तंतूंस म्हणून केसर म्हणतात, आणि आपण दुधांत घालतों तें केशर म्हणजे एका फुलांतले तेच तंतु. केसर म्हणजे सिंहाची आयाळही. आणि आयाळ ज्यास आहे तो केसरी. १८८१ सालीं पुण्यास ज्या वर्तमानपत्राचा जन्म झाला त्याच्या नांवांतील सिंह असा केसांवरून ओळखला गेला आहे.

'केळ' मात्र ह्या सर्वांत एकटें. तें 'कदली' ह्या शब्दापासून झालें. म्हणजे त्याचें पहिलें अक्षर मुळांत 'के' नव्हतेंच. 'केरळ' ह्याचा केराशीं संबंध लावणाऱ्यास दोन गुण वजा, आणि त्या देशाच्या स्वच्छतेकडे पाहतां आणखी दोन वजा केले तरी चालतील.

शेतांतील शब्द

आमचीं बहुतेक मुलें शेतकऱ्यांचीं. त्यांस शेताचे शब्द पुस्तकांतून शिकवावे लागत नाहींत. तथापि ह्या शब्दांचींही घरें पाहण्याजोगीं आहेत. 'पेरा', 'पेरणी', 'पेरणें' हीं एका घरचीं. त्यांच्या शेजारीं बसलेला 'पेरू' पेरणीचा कोणी नव्हे. तें झाड अमेरिका खंडांतील. पोर्तुगीजांबरोबर तें इकडे आलें आणि त्यांच्या भाषेंतील 'पेरा' म्हणजे नासपती ह्या फळाच्या नांवावरून त्यास पेरू हें नांव पडलें.

'खर' ह्या अक्षरांनीं तर मोठा बाजार भरतो: खरीप, खरेदी, खर्च, खरबूज, खरूज, खरें. कोणी म्हणेल, खरीप म्हणजे वर्षाचें खरें पीक. कारण पावसावर येणारें तेंच मुख्य. कल्पना गोड आहे, पण खोटी आहे. 'खरीप' हा अरबी शब्द असून त्याचा अर्थ शरदृतु असा आहे. त्या सुमारास जें पीक घरीं येतें तें खरीप. त्याचा जोडीदार 'रब्बी' हाही अरबीच, आणि त्याचा अर्थ वसंतऋतु. दोन्ही नांवें पेरणीच्या काळावरून नसून सुगीच्या काळावरून पडलीं आहेत. हें एकदां कळलें म्हणजे कोणतें पीक कोणत्या हंगामाचें ह्याचा घोटाळा होत नाहीं. 'खरेदी' फारशी, 'खर्च' मूळ अरबी, 'खरबूज' फारशी, आणि 'खरूज' संस्कृत 'खर्जू' पासून. सहा शब्द शेजारीं शेजारीं उभे आहेत, आणि एकाचें दुसऱ्याशीं कांहीं नातें नाहीं.

कागदांतील शब्द

येथें खेळ थांबतो आणि व्यवहार सुरू होतो. 'खत' हा शब्द घ्या. शेतांत घालतों तें एक खत. कचेरींत लिहितों तें दुसरें. दुसरें खत अरबी असून त्याचा अर्थ रेघ, लेखन, असा आहे. खरेदीखत, गहाणखत, बक्षीसखत ह्यांत तेंच आहे. शेणखतांत व सोनखतांत पहिलें. ह्या दोहोंचा घोटाळा कोणी करीत नाहीं, कारण एकाचा वास येतो. परंतु सर्वच शब्द इतके सोपे नसतात.

'कबूल' आणि 'कबजा' ह्यांची जोडी पाहावी. दोन्ही अरबी. पहिलीं दोन अक्षरें सारखीं. दोन्ही कागदावरच भेटतात. दोन्ही शब्दांच्या वेळीं सहीसाठीं किंवा अंगठ्यासाठीं हात पुढें करावा लागतो. म्हणून कानास ते भाऊ वाटतात. परंतु अरबींत त्यांचे धातु वेगळे आहेत. 'कबूल' ह्याचा अर्थ मान्य करणें, आणि 'कबजा' ह्याचा अर्थ मुठींत घेणें. रक्कम घेतल्याचें कबूल करणें ही एक गोष्ट. जमिनीचा कबजा देणें ही अगदीं दुसरी. पहिल्यानें मनुष्य कर्जदार होतो. दुसऱ्यानें त्याच्या शेतांत दुसऱ्याचा नांगर चालूं लागतो.

तसेंच गहाणाचें. नजरगहाण म्हणजे जमीन तारण खरी, पण ती वहिवाटण्याचा हक्क मालकाकडेच राहतो. कबजेगहाण म्हणजे कर्ज फिटेपर्यंत जमीन धनकोच्या ताब्यांत. गहाण हा शब्द दोहोंत आहे; सगळा फरक आरंभींच्या अक्षरांत आहे. जो शब्दाचा आरंभ नीट वाचीत नाहीं त्यास हा फरक एक मोसम उलटून गेल्यावर कळतो.

आमच्या भागांत अशा शब्दांची गर्दी असण्यास कारण आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता, आणि कचेऱ्यांचा कारभार आधीं फारशींत व मग उर्दूंत चाले. पुढें कारभार मराठींत आला, १ मे १९८१ रोजीं जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. परंतु जुने शब्द जमिनीच्या कागदांत जसेच्या तसे राहिले. ते वाईट आहेत असें आमचें म्हणणें नाहीं. ते आतां आपलेच आहेत. परंतु घरांत राहणाऱ्या माणसाची ओळख घरच्या मुलांस असावी, एवढेंच.

पंडितांनाही झालेली भूल

अक्षरांवरून नातें बांधण्याची भूल केवळ मुलांस होते असें नाहीं. 'अ' म्हणजे नाहीं, हें आपण व्याकरणांत शिकतों: अज्ञान, अशक्त, असत्य. तेव्हां 'असुर' म्हणजे जो सुर नव्हे तो, असें कोणासही वाटेल. परंतु ऋग्वेदांत 'असुर' हें वरुणादि देवांस लावलेलें आदराचें विशेषण आहे, आणि इराणांतील प्राचीन धर्मांत परमेश्वराच्या नांवांत 'अहुर' ह्या रूपानें तोच शब्द आहे. त्या शब्दांतील 'अ' हा नकाराचा नव्हेच. पुढें असुर म्हणजे देवांचा शत्रु असा अर्थ झाला. मग लोकांनीं त्यांतील 'अ' काढून टाकला आणि उरलेल्या 'सुर' ह्या अक्षरांस देव असा अर्थ दिला. अशा रीतीनें चुकीच्या फोडीपासून एक नवा शब्द जन्मास आला.

'विधवा' ह्या शब्दाचेंही तसेंच झालें. 'वि' म्हणजे विरहित, आणि 'धव' म्हणजे पति, अशी फोड आपण करितों. वस्तुतः 'विधवा' हा सबंध शब्दच अतिप्राचीन आहे. लॅटिनमधील 'विदुआ', इंग्रजींतील 'विडो' आणि फारशींतील 'बेवा' हीं त्याच्याच नात्यांतलीं. त्यांत 'धव' कोठेंच वेगळा नाहीं. विधवा ह्यावरून मागाहून 'धव' काढला गेला, आणि त्या धवापासून 'सधवा' झाली.

ह्या उदाहरणांवरून कोणी म्हणेल, चुकीपासून जर शब्द मिळत असतील तर चुकण्यांत काय वाईट? भाषा सर्व लोकांची आहे. सर्वांनीं मिळून केलेली चूक ती पदरांत घेते आणि तिची रूढि करते. परंतु एकट्या मनुष्यानें कागद वाचतांना केलेली चूक कोणीही पदरांत घेत नाहीं. ती त्याची त्यासच भरावी लागते.

म्हणून उपसर्ग शिकतांना प्रत्येक वेळीं एक परीक्षा करावी. आरंभींचीं अक्षरें काढून टाकावीं आणि उरलेला शब्द अर्थासह जिवंत राहतो कीं नाहीं तें पाहावें. 'बेकायदा' ह्यांतून 'बे' काढला तर 'कायदा' राहतो. 'नापीक' ह्यांतून 'ना' काढला तर 'पीक' राहतें. 'विज्ञान' ह्यांतून 'वि' काढला तर 'ज्ञान' राहतें. परंतु 'बेडूक' ह्यांतून 'डूक' उरतो, 'नारळ' ह्यांतून 'रळ' उरतो, आणि 'विद्या' ह्यांतून 'द्या' उरतें, जें मागण्याच्या कामीं पडेल, शिकण्याच्या नव्हे. 'विद्या' ही जाणणें ह्या अर्थाच्या 'विद्' धातूपासून झाली आहे. तिच्यांत 'वि' हा उपसर्ग नाहीं. ही परीक्षा बहुधा उपयोगी पडते. परंतु असुर-विधवांसारखे शब्द तिलाही फसवितात. तेव्हां शेवटचा निकाल कोशाचा.

भोकरदनांत भोकर आहे काय?

गांवांच्या नांवांचा एक दाखला देऊन मग कोशाकडे वळूं. केदारखेडा ज्या तालुक्यांत आहे त्या तालुक्याचें ठाणें भोकरदन. नांवाच्या आरंभीं 'भोकर' हीं अक्षरें स्पष्ट आहेत, आणि भोकराचें झाड व त्याच्या फळांचें लोणचें ह्या भागांत सर्वांच्या परिचयाचें आहे. तेव्हां भोकरांच्या राईवरून गांवाचें नांव पडलें असावें असा तर्क कोणीही करील.

परंतु ह्या नगराचें प्राचीन नांव भोगवर्धन असें होतें. सांची येथील स्तूपास ज्यांनीं दानें दिलीं त्यांच्या लेखांत भोगवर्धनच्या लोकांचीं नांवें आहेत. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीं येथील माणसें इतक्या दूर जाऊन दानधर्म करीत होतीं. १९७३ सालीं नागपूर व मराठवाडा ह्या दोन विद्यापीठांनीं भोकरदन येथें उत्खनन केलें, आणि तेथील प्राचीन, संपन्न नगराचे अवशेष उजेडांत आले. भोगवर्धन हा शब्द लोकांच्या तोंडीं पिढ्यान् पिढ्या झिजला आणि ओळखीच्या 'भोकर' शब्दाच्या सांच्यांत बसून भोकरदन झाला. जो पहिल्या तीन अक्षरांवर समाधान मानील त्यास एक झाड मिळेल. जो पुढें विचारील त्यास एक नगर मिळेल.

कोश कसा पाहावा

जुन्या काळीं संस्कृत शिकणारे विद्यार्थी अमरकोश पाठ करीत. त्या कोशांत शब्द अक्षरांच्या क्रमानें नाहींत, विषयांच्या क्रमानें आहेत. देवांचीं नांवें एके ठिकाणीं, वनस्पतींचीं दुसऱ्या ठिकाणीं. ती पाठांतराची सोय होती. आजचे कोश वर्णक्रमानें लाविलेले असतात, आणि ती शोधण्याची सोय आहे. वर्णक्रमाचा कोश म्हणजे ज्या पंगतींत पाहुण्यांस केवळ नांवाच्या अक्षरांवरून बसविलें आहे अशी पंगत. कोण कोणाचा कोण, हें त्या पंगतीवरून कळत नाहीं. तें प्रत्येक शब्दापुढें कंसांत दिलेल्या मुळावरून कळतें. मुलें बहुधा अर्थ पाहून कोश मिटतात. आमचें सांगणें असें, कीं मिटण्यापूर्वीं तो कंस वाचावा. त्यांत 'सं.' असेल तर संस्कृत, 'फा.' असेल तर फारशी, 'अर.' असेल तर अरबी, 'पोर्तु.' असेल तर पोर्तुगीज.

मराठीस चांगल्या कोशांची परंपरा आहे. मोल्सवर्थ ह्यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं निघाला, आणि त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ति १८५७ सालीं. बाबा पदमनजी ह्यांनीं १८६३ मध्यें त्याचा संक्षेप करून तो विद्यार्थ्यांच्या हातीं दिला. दाते, कर्वे आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं १९३२ ते १९३८ ह्या काळांत महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग प्रसिद्ध केले. कृ. पां. कुलकर्णी ह्यांचा मराठी व्युत्पत्ति-कोश १९४६ सालचा. शब्दांचीं कुळें शोधणाऱ्यास तो विशेष उपयोगी. आज मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे ह्यांचे कोश संगणकावर व हातांतील फोनवरही पाहतां येतात. तेव्हां गांवांत ग्रंथालय नाहीं ही सबब आतां चालण्यासारखी नाहीं.

घरीं सोडविण्याचे प्रश्न

पुढील प्रत्येक ओळींतील शब्दांच्या पंगती लावाव्या. उत्तरें खालीं दिलीं आहेत; तीं हातानें झांकून ठेवावीं.

१. चावी, चावा, चावणें.
२. दरवाजा, दरवान, दरी.
३. नाराज, नापीक, नारळ, नाव (होडी).
४. बेफाम, बेफिकीर, बेसन.
५. करवत, करतल, करार.

उत्तरें: १. 'चावा' व 'चावणें' हीं सख्खीं, संस्कृत 'चर्व्' धातूचीं. 'चावी' पोर्तुगीज. २. 'दरवाजा' व 'दरवान' हीं फारशी 'दर' म्हणजे दार ह्या शब्दाचीं. आपलें 'दार' व संस्कृत 'द्वार' हीं त्यांचीं दूरचीं नातलग. 'दरी' शेजारी. ३. 'नाराज' व 'नापीक' ह्यांत नकाराचा 'ना' आहे. 'नारळ' हा 'नारिकेल' पासून, आणि 'नाव' ही संस्कृत 'नौ' पासून. ४. 'बेफाम' म्हणजे ज्यास समज राहिली नाहीं तो, आणि 'बेफिकीर' म्हणजे ज्यास फिकीर नाहीं तो. दोहोंत एकच 'बे'. 'बेसन' शेजारी. ५. हा प्रश्न कठीण आहे. 'करतल' म्हणजे तळहात, त्यांत 'कर' म्हणजे हात उघड आहे. 'करवत' मात्र परकी वाटते. पण ती संस्कृत 'करपत्र' पासून झाली, म्हणजे हातांत धरावयाचें पातें. तेव्हां ती करतलाची सख्खी. 'करार' अरबी.

शेवटीं पालकांस एक विनंति. हा खेळ मुलांनीं घरीं आणला तर त्यांस आपल्याकडील शब्द द्यावे. अवजारांचे, गुरांच्या रंगांचे, धान्याच्या मापांचे, जात्यावरचे, चुलीजवळचे असे पुष्कळ शब्द तुमच्या तोंडीं आहेत. मुलें ते वहींत आद्याक्षरांच्या क्रमानें लिहून घेतील आणि त्यांचें मूळ शोधतील. ज्या आईबापांस लिहितां वाचतां येत नाहीं, त्यांचा ह्या कामीं सर्वांत अधिक उपयोग आहे. कारण त्यांचे शब्द पुस्तकांवरून घेतलेले नाहींत. आणि त्याबदल्यांत मुलांनीं एक काम करावें. घरीं कोणताही कागद सहीसाठीं आला, तर तो मोठ्यानें वाचून दाखवावा, आणि जो शब्द नीट समजला नसेल त्यावर बोट ठेवून तेथेंच थांबावें. तो शब्द समजेपर्यंत सही होऊं देऊं नये.